जुन्या किटमधून कौलारू स्टेशन

फालर, फोल्मर, किब्री, पोला या जर्मन कंपन्यांची किंवा ब्रिटिश एअरफिक्सची मॉडेल रेल्वेच्या इमारतींची जुनी किटं ठाण्या-मुंबईत अजूनही कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर सापडतात. कुणीतरी परदेशातून आणलेली, अर्धवट जोडून सोडलेली, ट्यूबमधल्या गमाचे ओघळ वाळलेली. तशीच लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या देखाव्यावर, ठेवली तर खेळण्यातली दिसतात, आणि दोष बहुतेक वेळा कडांचा असतो. खिडकीच्या भोकातून भिंतीची पातळ कड दिसते. छपराची कड गरजेपेक्षा जाड असते. कोपऱ्यात उभी फट राहते आणि इमारत जमिनीवर नुसती टेकलेली असते. भिंतींचं साचेकाम मात्र त्या काळातही चांगलं होतं. म्हणून भिंती ठेवायच्या, कडा सुधारायच्या आणि छप्पर पूर्ण बदलायचं.

इथे एचओ म्हणजे १:८७ मापाचं छोटं जर्मन स्टेशन घेऊन ते आपल्याकडच्या जुन्या स्टेशनात कसं बदलायचं ते दिलं आहे. बोरीबंदर-ठाणे लाइन १८५३ सालची. ठाण्याच्या पुढे कर्जत-कसाऱ्याकडे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळातल्या बांधकामात काळा दगड, कौलारू उतार, खिडक्यांना लोखंडी गज असा थाट दिसतो. युरोपातल्या खेड्यातलं स्टेशन यापासून फार लांब नाही, त्यामुळे बदल जमतो. वाशी-बेलापूर करायचं असेल तर मात्र या किटांच्या नादी लागू नका. ती लाइन १९९० च्या दशकातली आहे, काम सगळं काँक्रीटचं आणि अवाढव्य. त्यासाठी कोरी शीट कापून सुरुवात केलेली बरी.

आधी माप, मग कात्री

जुन्या किटच्या खोक्यावर एचओ लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. लेआउटवर जागा कमी लागावी म्हणून त्या काळातल्या बऱ्याच इमारती १:१०० च्या आसपास केलेल्या आहेत. दरवाजा मोजा. खरा दरवाजा २.१ मीटरचा धरला तर एचओमध्ये तो २४ मिमी यायला हवा. २१ मिमी आला तर किट १:१०० चं आहे, २७-२८ आला तर ओओ म्हणजे १:७६ चं. एअरफिक्सच्या रेल्वे किटांचं तसंच असतं.

दरवाजा ३ मिमी बुटका असेल तर सोपा उपाय आहे. सगळ्या भिंतींच्या खाली ३ मिमी उंचीची पट्टी जोडा, दाराचं भोक तेवढं खाली वाढवा आणि पट्टीवर दगडाच्या खाचा पाडा. पाहणाऱ्याला ते जोतं वाटतं. ओओ किटमध्ये उलट करायचं, भिंती खालून ३ मिमी तासायच्या.

मग विटांचे थर मोजा. वीट आणि दरज मिळून साधारण ८५ मिमी, म्हणजे एचओमध्ये जवळपास १ मिमी. १० मिमी उंचीत दहा थर आले तर वीट तशीच ठेवा. सहा-सातच आले तर वीट फार मोठी दिसते, अशा भिंतीला गिलावा करणं उत्तम. तीन-चार आले तर तो घडीव दगड म्हणून खपतो, रंगही तसाच द्या.

किटचे मुख्य भाग पॉलिस्टायरीनचे असतात, पण कुंपण, झाडं, साखळ्या असे लवचीक तुकडे कधीकधी पॉलिथिनचे निघतात. त्यांना प्लास्टिकचा गम धरत नाही आणि रंगही सुटतो. ओळखायला तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिस्टायरीन तळाला जातं, पॉलिथिन तरंगतं. तरंगणारे तुकडे खुशाल फेकून द्या.

सुटं करणं

जोडलेलं किट आधी कोमट साबणपाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. मग पिशवीत बांधून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत जुना सुकलेला गम आणि फेविक्विक दोन्ही ठिसूळ होतात. बाहेर काढल्या काढल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती हातात धरून हलकेच मागे-पुढे करा. कट्ट असा आवाज आला की सांधा सुटला. एका वेळी एकच सांधा घ्या, बाकीचं पुन्हा फ्रीजरमध्ये.

पाती घालायचीच झाली तर आतल्या बाजूने, कोपऱ्याच्या रेषेतून. बाहेरून घातली की विटांची कड उडते आणि ती परत येत नाही. जिथे पातळ गमाने प्लास्टिक विरघळून एकजीव झालं आहे तिथे थंडीचा उपयोग नाही. तिथे बारीक दातांच्या करवतीने आतून कापा आणि अर्धा-एक मिमी गेला असं धरून चाला. ॲसिटोन लावून सांधा सोडवायचा विचारही नको, गमाआधी भिंत विरघळेल.

जुना रंग काढायला साधं तपकिरी डेटॉल चालतं. पाणी न घालता डब्यात ओता, भाग त्यात १२ ते २४ तास बुडवून ठेवा, मग हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा. इथे बहुतेकांची एक चूक होते. भाग थेट नळाखाली धरला की सुटलेला रंग आणि डेटॉल मिळून चिकट लगदा होतो आणि विटांच्या दरजांत जाऊन बसतो. आधी दुसऱ्या डब्यातल्या स्वच्छ डेटॉलमध्ये खळखळून घ्या, मगच साबण आणि पाणी. फार दिवस बुडवून ठेवलं तर काही जुनी प्लास्टिकं मऊ पडतात, तेव्हा आधी आतल्या एखाद्या न दिसणाऱ्या तुकड्यावर करून बघा.

वाकलेली भिंत ६५-७० अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवून सपाट फरशीवर वजनाखाली थंड होऊ द्या. उकळतं पाणी नको, पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या जरा अलीकडेच मऊ पडायला लागतं आणि दाराच्या चौकटी वितळून गोल होतात.

भिंतीला जाडी

सामानात नेहमीचा कटर, स्टीलची पट्टी, छोट्या कानशींचा संच, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर आणि कामाला सपाट फरशीचा तुकडा. शिवाय ०.५ आणि १ मिमीची हिप्स, म्हणजे चिवट पॉलिस्टायरीनची, शीट. व्हॅक्यूम फॉर्मिंगला लागणारी ही शीट प्लास्टिक शीटच्या व्यापाऱ्यांकडे मोठ्या आकारात मिळते, आयात केलेल्या छंदाच्या शीटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. दुकानदार कधी ॲक्रिलिक, कधी पीव्हीसीचा सनबोर्ड पुढे करतो, म्हणून हिप्स असं स्पष्ट सांगा. सनबोर्ड तळाला आणि प्लॅटफॉर्मला छान, पण त्याला प्लास्टिकचा पातळ गम लागत नाही. तिथे फेविक्विक.

खऱ्या दगडी भिंतीची जाडी सव्वा ते दीड फूट, म्हणजे एचओमध्ये साडेचार ते सव्वापाच मिमी. किटची भिंत दीड-दोन मिमी. सगळी भिंत जाड करायची गरज नाही. खिडक्या-दारांच्या भोवतीच आतून १ मिमी हिप्सचे दोन थर लावा आणि भोकाची कड कानशीने एकसंध करा. खिडकीची चौकट बाहेरच्या पृष्ठापासून निदान १.३ मिमी आत गेली पाहिजे. सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक पडतो तो या एका बदलाने.

थर जोडताना पातळ गम कमी वापरा. दोन मोठे पत्रे एकमेकांवर चिकटवले की मधला द्रावक अडकतो, हळूहळू प्लास्टिक खात राहतो आणि काही आठवड्यांनी भिंत आत वाकते. मागच्या थराला २-३ सेंटीमीटरवर १ मिमीची भोकं पाडून ठेवा, वाफ तिथून निघून जाते. गम ब्रशने सांध्याच्या तोंडाशी टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. अडीनडीला एनसी थिनर चालतो, पण तो फार जहाल आहे. पातळ भाग सुरकुततो आणि वास घरभर राहतो. काहीही वापरा, खिडकी उघडी आणि पोरं लांब.

कोपऱ्यात भिंतींच्या कडा आतून ४५ अंशांत घासून जुळवा. तरीही विटांचे थर दोन्हीकडे जुळत नाहीत, कारण किटमध्ये ते मुळातच जुळवलेले नसतात. भराव घालून पुन्हा खाचा पाडत बसण्यापेक्षा कोपऱ्याचे दगड लावा. ०.५ मिमी हिप्सचे ५.२ × ३.४ आणि २.६ × ३.४ मिमीचे तुकडे कापा, एकाआड एक लांब-आखूड असे कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवा. एका बाजूला लांब आला की दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर आखूड. फट झाकली जाते आणि इमारत जीआयपीच्या जवळ जाते. कडा पॉलिश पेपरने किंचित मोडा, धारदार दगड खोटा वाटतो.

गिलावा करायचा असेल तर वॉल पुट्टी पाण्यात दह्याइतकी पातळ करून चपट्या ब्रशने लावा. थर अर्ध्या मिलिमीटरच्या आत. जोत्याजवळ आणि पन्हळीच्या खाली दोन-चार ठिकाणी ओल्या कापडाने पुसून आतली वीट उघडी सोडा. पुट्टी गुळगुळीत प्लास्टिकवर धरत नाही, आधी ४०० नंबरने भिंत खरवडून घ्या.

गज

किटच्या पांढऱ्या, पिवळट पडलेल्या युरोपीय खिडक्या काढून टाका. आपल्याकडे उभे गज, आणि बाहेर उघडणाऱ्या लाकडी झडपा. गज बोटापेक्षा बारीक, साधारण चार-पाच इंचांवर एक. एचओमध्ये ०.२ मिमीची तार, १.२ ते १.४ मिमी अंतरावर. लवचीक वायरमधली सुटी तांब्याची तार याला नेमकी बसते. एक टोक पक्कडीत धरून झटका दिला की तार सरळ होते आणि थोडी ताठही.

भोकाच्या वर-खाली मागच्या बाजूला १.३ मिमीवर कटरने खुणा पाडा, त्या खाचांत तार ताणून बसवा आणि टोकांना सुईने फेविक्विकचा थेंब. काच लावायची असेल तर हे सगळं उरकून, एक रात्र जाऊ देऊन, मगच. फेविक्विकची वाफ पारदर्शक शीटवर बसून पांढरी पुटं चढतात, आणि आपल्या दमट हवेत हे हमखास होतं. काचेसाठी ओएचपी (प्रोजेक्टरची पारदर्शक) शीट, चिकटवायला फेविकॉल. खरं तर जुन्या ऑफिसच्या उघड्या खिडकीला काच नसली तरी चालते.

छप्पर

कामाचा निम्मा वेळ इथे द्या. जर्मन छपराचा उतार ४५ अंश किंवा त्याहून जास्त, वर माळ्याची खिडकी. आपल्याकडे मंगलोरी कौलांना ३० अंश धरा. समजा इमारतीची रुंदी ८० मिमी आहे. अर्धी ४० मिमी. ४५ अंशांत त्रिकोणी भिंतीचं टोक वळचणीच्या रेषेपासून ४० मिमी वर असतं, ३० अंशांत २३ मिमी. म्हणजे १७ मिमी उंची कमी होणार. मधोमध २३ मिमीवर खूण करा, तिथून दोन्ही कोपऱ्यांना रेषा आखा, कटरने चार-पाच हलक्या फेऱ्या मारून तोडा. एकाच दमात दाबून कापलं तर भिंत विटेच्या थरातून तुटते.

उताराची लांबी भिंतीपर्यंत ४६ मिमी. वळचण निदान ८ मिमी बाहेर आली पाहिजे, इथल्या पावसात दोन-सव्वादोन फुटांपेक्षा कमी वळचण कुणी ठेवणार नाही. तेव्हा प्रत्येक बाजूला ५४ मिमी रुंद, १ मिमी हिप्सचा पत्रा घ्या, आणि वळचणीच्या कडेला खालून तिरका तासून कड अर्ध्या मिलिमीटरवर आणा. किटचं मूळ छप्पर दोन मिमी जाड असतं. खऱ्या मापात ती जाडी जवळजवळ सात इंच होते, तिथेच सगळं फसतं.

मंगलोरी कौल बसल्यावर सुमारे ३२० मिमी उघडं दिसतं, रुंदी साधारण २१० ते २२०. एचओमध्ये ३.७ × २.५ मिमी, आणि प्रत्येक कौलाला दोन पन्हळी. बाजारातली कौलांची शीट युरोपीय घाटाची असते, ती इथे चालत नाही. त्याऐवजी साचा करा. हिप्सच्या पट्टीवर ०.५ मिमीच्या तारा १.२५ मिमी अंतराने एकमेकींना समांतर चिकटवा. जेवणाच्या पार्सलला येतो त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा सपाट तळ कापून साच्यावर ठेवा आणि खोडरबराने दाबत न्या. पन्हळी उठतात. घरातली पातळ फॉइल नको, ती बोट लागलं की चेपते. पत्र्याच्या ५ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा, पन्हळी पट्टीला आडव्या राहतील अशा. मागे फेविकॉलचा पातळ हात द्या म्हणजे उठाव बसत नाही.

वळचणीपासून वर लावत जा. पहिल्या ओळीखाली ०.५ मिमीची रीप घाला, नाहीतर पहिलं कौल बाकीच्यांपेक्षा जास्त झुकलेलं दिसतं. प्रत्येक ओळ ३.७ मिमी उघडी ठेवून पुढची चढवा. ५४ मिमीला पंधरा ओळी लागतात, शेवटची आढ्याखाली जाते. दर ओळीला पेन्सिलची रेषा आधीच आखून घ्या, कारण एका ओळीत पाव मिमी चुकला तर पंधराव्या ओळीला आढं तिरकं. दोन-चार कौलं जाणूनबुजून किंचित सरकवा. आढ्याची कौलं साडेचार मिमी लांब, कागद २ मिमीच्या काडीवर गुंडाळून, उभा अर्धा कापून. वायरचं पीव्हीसी कवच या कामाला मोहात पाडतं, पण ते घेऊ नका. त्यातलं प्लास्टिसायझर वर्षानुवर्षांत पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं आणि खालचा भाग चिकट, मऊ करतं. याच कारणाने दिव्यांच्या वायराही आतल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, कागदाच्या पट्टीने लोंबत्या अडकवा.

रंग आणि पावसाळा

स्प्रेचं काम ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर लॅकर स्प्रे मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंग पांढरट पडतो. मॅट वॉर्निशचं तर हमखास. झालंच तर कोरड्या दिवशी तेच वॉर्निश पुन्हा हलकं मारा, बऱ्याचदा सुधारतं. पावसाळ्यात ब्रश आणि ॲक्रिलिक बरे. घोडबंदर रोडच्या बाजूला राहत असाल तर उन्हाळ्यातही बाल्कनीत ओला रंग वाळत ठेवू नका, धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो. वर खोकं पालथं घाला.

काळा दगड काळ्या रंगाने रंगवला की भोक पडल्यासारखा दिसतो. मधला करडा द्या, मग एकेक दगड सुटा धरून कुठे निळसर, कुठे तपकिरी छटा. वाळल्यावर मॅट वॉर्निश. त्यावर पातळ पुट्टीत काळ्या आणि पिवळ्या स्टेनरचे थेंब टाकून ती भिंतीला चोळा, दोन मिनिटांनी ओल्या कापडाने तिरकं पुसून घ्या. दरजा भरतात, दगड मोकळे राहतात. सरळ आडवं पुसलं तर दरजाही रिकाम्या होतात.

डाग पावसाच्या दिशेने द्या. इथला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा लेआउटवर पश्चिम कोणती ते ठरवून त्या बाजूच्या भिंतीला शेवाळ जास्त. जोत्यापासून ३-४ मिमीपर्यंत काळपट हिरवं, पन्हळ फुटलेली असेल तिथे उभा ओघळ. रुळांकडच्या बाजूला ब्रेकची लोखंडी धूळ, म्हणजे तांबूस तपकिरी कोरडी पावडर. प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्यातली पानाची पिचकारी एकच पुरे, दुसरी मारली की विनोद होतो. छपरावर निळी ताडपत्री घालायची तर पॉलिथिन चकाकतं. टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून कौलांवर पसरा, वाळल्यावर रंगवा.

दिवे

किटमध्ये जुना तारेचा बल्ब असेल तर काढा, त्याच्या उष्णतेने छप्पर आतून वितळतं. १२ व्होल्टच्या, मीटरला ६० दिव्यांच्या एलईडी पट्टीतून तीन दिव्यांचा ५ सेंमी तुकडा एका खोलीला भरपूर होतो. थेट १२ व्होल्ट दिले तर झगझगाट, म्हणून मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. जुन्या जर्मन ट्रान्सफॉर्मरच्या दिव्यांच्या टोकांवर १६ व्होल्ट एसी असतो, तिथे पट्टी जोडू नका. दिव्याचा रंग पांढरा घ्या. पिवळा उजेड जर्मन खोक्यावरच्या चित्रात शोभतो, आपल्या स्टेशनांत ट्यूबलाइट. चार फुटी ट्यूब एचओमध्ये १४ मिमी. भिंती आतून आधी काळ्या, मग पांढऱ्या रंगवा, नाहीतर दिवा लागला की सगळी इमारत कंदिलासारखी पेटते.

बसवणं

प्लॅटफॉर्म सनबोर्डचा करा. भारतीय ब्रॉडगेजचा उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६० ते ८४० मिमी, म्हणजे पावणेनऊ ते ९.७ मिमी वर. कड ट्रॅकच्या मध्यापासून सुमारे १९.३ मिमीवर. हे सरळ ट्रॅकचं माप झालं. वळणावर डब्याचा मधला भाग आत आणि टोकं बाहेर जातात. ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्याचा मध्य तब्बल ६ मिमी आत येतो, म्हणून तिथे आपला सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत नेऊनच कड पक्की करा.

नावाचा फलक पिवळा, अक्षरं काळी, वर मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. प्रिंट मॅट कागदावर काढा.

इमारत लेआउटला चिकटवू नका. आत दोन कोपऱ्यांत लाकडाचे १० मिमीचे ठोकळे एपॉक्सीने बसवून खालून स्क्रू मारा, आणि जोत्याभोवतीची फट चाळलेल्या मातीने झाका, ती फेविकॉलशिवाय. पावसाळ्यात दमट घरात इमारत काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवता येते, दिव्याची वायर तुटली तरी छप्पर फोडावं लागत नाही. छप्परही म्हणूनच भिंतीला कायमचं न चिकटवता आतून दोन पट्ट्यांवर नुसतं बसतं ठेवा.